तलाव साफ करणारी

एमबीएच्या पहिल्या वर्षाला असताना प्रणाली दिघोरेनं पहिली असाइनमेंट दिली, ती मी तशीच परत केली. मला वाटलं, पोरगी घाईघाईत घरातली लग्नपत्रिकाच देऊन गेली. वर गणपती, मधे चि. आणि चि. सौ. कां., खाली काका-मामांची रांग आणि शेवटी लग्नाला यायचा लाडिक आग्रह करणारी चिल्लीपिल्ली. तिनं शांतपणे पत्रिका उलटी केली आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक, सुबक अक्षरात 'प्रश्न पहिला : व्यवसायाची सामाजिक जबाबदारी स्पष्ट करा' असं लिहिलेलं होतं. अशा बऱ्याच पत्रिका सुईदोऱ्यानं शिवून तिनं वही केली होती. काहींवर गणपती, काहींवर बुद्ध, एकीवर नुसतेच दोन हत्ती. पुढे वर्षभर तिचं लिखाण तपासता तपासता पवनी तालुक्यात कोणाचं कोणाशी जमलं ते मला घरबसल्या कळत गेलं.

हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमीच सांगतलं नं सर, पयल्या तासाले. जबाबदार मॅनेजर कोरा कागद वाया घालवत नाई."

सांगितलं असेन. मी काय काय सांगतो ते माझ्या लक्षात राहत नाही. मी हा विषय शिकवतो म्हणजे काय करतो, ते आधी कबूल करून टाकतो. भंडाऱ्याबाहेर, कारध्याचा पूल ओलांडला की थोडं पुढे आमचं व्यवस्थापनाचं कॉलेज आहे. तिथं 'शाश्वतता आणि जबाबदार व्यवस्थापन' हा विषय अभ्यासक्रमात आला तेव्हा तो कोणालाच नको होता. माझ्या वेळापत्रकात गुरुवारी एक तास रिकामा होता, संचालकांनी तो भरला. मी इंटरनेटवरून कुठल्याशा प्राध्यापकाच्या तयार स्लाइडी उतरवल्या. पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडलं, शेवटच्या पानावरचं खोडायचं राहिलं. या सामग्रीवर मी तीन वर्षं शिकवलं आणि तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. मग प्रणाली आली. ती माझं बोलणं खरं मानायला लागली.

बुटकी, काटक पोरगी. केसांना भरपूर तेल. आसगावच्या पुढच्या एका लहानशा गावातून रोज एसटीनं यायची. घरचे ढिवर, मासेमारी करणारे, गावचा तलाव हीच त्यांची शेती. पाण्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज होता, त्यामुळे ती वर्गात कानात काही सांगायला लागली तरी शेजारच्या खोलीतला तास थांबायचा. भाषाही तिनं कधी बदलली नाही. बाकीची पोरं प्रेझेंटेशन आलं की पुण्याची होतात. ही मात्र "आमी सर्वे केला, लोकाईले विचारलं, लोकं म्हणत आमाले टाइम नाई," असं सरळ सांगून मोकळी व्हायची.

एका गुरुवारी मी स्टेकहोल्डर हा शब्द शिकवला. संस्थेच्या निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो तो प्रत्येक जण स्टेकहोल्डर, आणि निर्णय घेण्याआधी त्याला विचारलं पाहिजे, असं स्लाइडीवर होतं. मी ते वाचून दाखवलं. पुढच्या गुरुवारी प्रणालीनं आमच्या कॉलेजच्या स्टेकहोल्डरांची यादी आणली, अर्थातच एका बारशाच्या पत्रिकेमागे. त्यात विद्यार्थी, पालक, शिक्षक होतेच. शिवाय कँटीनची कुत्री, मागच्या भिंतीपाशी चरणाऱ्या बकऱ्या, त्या बकऱ्यांची मालकीण आणि आमच्या सांडपाण्याच्या नालीवर ज्याचं धान पिकतं तो शेतकरीही होता. त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद सुरू झालं. कॉलेजात काहीही ठरलं की प्रणाली हात वर करायची आणि विचारायची, "त्यायले विचारलं का, सर?"

पार्किंगला फरशी बसवायची ठरली. त्यायले विचारलं का? म्हणजे कोणाला, तर तिथं दुपारी बसणाऱ्या बकऱ्यांच्या मालकिणीला. स्नेहसंमेलनाची तारीख ठरली. त्यायले विचारलं का? म्हणजे शेवटच्या एसटीच्या कंडक्टरला. कहर झाला तो नागपूरहून एक उद्योजक पाहुणे कार्बन उत्सर्जनावर बोलायला आले तेव्हा. ते आत तासभर पृथ्वी तापल्याचं सांगत होते आणि बाहेर त्यांची गाडी थंड राहावी म्हणून ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवून बसला होता. प्रणाली मधेच उठून बाहेर गेली. परतली ती ड्रायव्हरला घेऊनच. गाडी बंद करून किल्ली त्याच्या हातात दिली होती आणि त्याला तिनं थेट पहिल्या रांगेत, संचालकांच्या शेजारी बसवलं. पाहुण्यांचा स्वर त्यानंतर जरा खाली आला. ड्रायव्हर मात्र पंख्याखाली छान झोपला.

स्टाफरूममध्ये हे किस्से मी रंगवून सांगायचो. तिच्या आवाजाची नक्कलही करायचो आणि ती मला चांगली जमायची. सगळे पोट धरून हसायचे. आता ते आठवलं की कान गरम होतात. ज्या पोरीनं माझा शब्द न् शब्द खरा मानला, तिच्यावर हसण्यात मीच पुढे होतो.

तर तलावाची गोष्ट.

त्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार होती. तिच्या तक्त्यात 'शाश्वत उपक्रमांत विद्यार्थ्यांचा सहभाग' असा एक रकाना होता आणि आमचा तो रकाना कोरा होता. संचालकांनी तो माझ्याकडे सोपवला. मी वर्गात विचारलं, कोणाच्या गावात काही उपक्रम घेता येईल का? पोरं आपापल्या मोबाईलकडे पाहू लागली. प्रणालीचा हात वर गेला. तिच्या गावचा तलाव फार जुना, फार मोठा, सरांनी एकदा यावं अशी तिची वर्षभर इच्छा होती, असं तिनं सांगितलं. सांगताना ती इतकी खूश होती की पुढची बाकं पहिल्यांदाच हसली नाहीत.

'तलाव स्वच्छता अभियान' ठरलं. पर्यावरण दिनाला कॉलेजची बस मोकळी होती, म्हणून तोच दिवस. सरपंचांनी फोनवर परवानगी दिली आणि नारळाची सोय करतो म्हणाले. कॉलेजचं नाव छापलेल्या टोप्या आल्या, रबरी हातमोजे आले, फोटोवाला ठरला. तलावात काय काढायचं आणि काय ठेवायचं, याचा विचार कोणीच केला नाही. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

सकाळी बस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहिली. मे महिना सरलेला, पाणी खूप आटलेलं आणि उरलेल्या पाण्यात, चिखलात, हिरवंगार काहीबाही उगवलेलं. काठावर बेशरमाची झुडपं जांभळी फुलं लेवून डोलत होती. गावात शुकशुकाट होता. चिखलाकडे पाहत प्रणाली माझ्यापाशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"सर, हा कचरा नोहोय. पाण्यातलं हे ठेवाचं असते. पाऊस पडला का मरळ, मागूर यातच अंडे घालते. काढाचं तं ते बेशरम काढाचं हाये. आज बाजार हाये, बाया मासोळ्या घेऊन गेल्या. सांजच्याले येतीन. त्यायले विचारलं का?"

मी घड्याळ पाहिलं. बस दुपारी परत हवी होती. फोटोवाल्याला दुसरीकडे जायचं होतं. संचालक पाळीवर उभे राहून, बेशरमाची फुलं पाठीमागे छान दिसतात, ती तशीच राहू द्या, असं पोरांना ओरडून सांगत होते. मी प्रणालीला म्हणालो, "प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नकोस. तू बी.कॉम. केलंस की जीवशास्त्र?" आजूबाजूची पोरं हसली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, हातमोजे काढून घडी केले, बसच्या पायरीवर ठेवले आणि पाळीवर जाऊन बसली.

आम्ही तलाव साफ केला. पोरांनी मन लावून केला, त्यांचा दोष नव्हता. पाण्यातली हिरवाई मुळासकट उपटून ढीग घातले. तुळतुळीत पाणी आणि मागे जांभळी फुलं, फोटो फारच सुरेख आले. जे तिथल्या लोकांनी उपटून फेकलं असतं ते आम्ही राखलं आणि जे त्यांनी जपलं होतं ते उपटलं. हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सांगितलेलं होतं.

समिती हिवाळ्यात आली. तोवर प्रणाली दुसऱ्या वर्षाला होती आणि वर्गात हात वर करायची बंद झाली होती. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. समितीच्या दिवशी तिनं काही बोलू नये म्हणून मी तिला वसतिगृहामागच्या गांडूळखताच्या खड्ड्यावर उभं केलं. तिकडे कुठलीच समिती कधी जात नाही. माझं नशीब असं की समितीच्या अध्यक्षांना फोन आला, रेंज मिळेना, रेंज शोधत शोधत ते बरोबर खतापाशी पोचले. मी धावत गेलो तोवर ते तिला विचारत होते, तलाव स्वच्छ करण्यात तूही होतीस का?

एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकत होती आणि ते वाक्य खरं असतं.

"होती जी," प्रणाली म्हणाली. "आता त्यात काय परत लावाचं ते शिकून राहिलो. पुढच्या साली या सर, तवा पाहाले भेटल."

अध्यक्ष खूश झाले. सतत शिकत राहण्याची वृत्ती, असं काहीतरी त्यांनी वहीत लिहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, हे तुम्ही शिकवलं? मी मान हलवली. होकारार्थी. ती मान आजही मला खुपते.

संध्याकाळी कॉलेजनं मला शाल दिली. परत लावायचं म्हणजे काय, कोण लावतंय, केव्हा, हे मी प्रणालीला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

समितीनं एक कागद मागितला होता. उपक्रमामुळे गावाला फायदा झाला, असं गावातल्या मासेमारी करणाऱ्या बायांच्या गटाचं सहीचं पत्र. मी पत्र स्वतःच लिहिलं, 'आम्ही कॉलेजचे मनःपूर्वक आभारी आहोत' असा शेवट केला, आणि सह्या आणायला प्रणालीच्या हाती दिलं. सांगितलेलं काम दुसऱ्या दिवशी आणून देणारी पोरगी. पण आठवडा गेला, दोन गेले. विचारलं की, "आणते सर," एवढंच म्हणायची. महिना झाल्यावर मी पत्राची नवी प्रत खिशात घातली आणि एका रविवारी स्वतः निघालो.

गावच्या स्टॉपवर उतरलो. चहाच्या टपरीवर प्रणाली दिघोरेचं घर विचारलं. चहावाल्यानं ग्लास विसळता विसळता विचारलं, "कोणती? तलाव साफ करणारी?"

बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. मी कोण ते सांगितलं नाही. चहा घेत राहिलो आणि तो सांगत राहिला. औंदा मरळ नाही, मागूर नाही. बीज सोडलेले रोहू-कटला तेवढे, ते तर सगळीकडेच मिळतात, बाजारात बायांना कोण विचारणार? कॉलेजवाले आले आणि सगळं उपटून गेले. पण त्यांना काय बोलायचं, परके लोक. त्यांना आणलं कोणी तर गावच्याच पोरीनं.

"तिनं त्यांना अडवलं नाही का?" मी विचारलं. विचारताना माझा मलाच तिटकारा आला.

"कायले अडवते? तिनंच सांगतलं आमाले. सर बिचारे विचारून राहिले होते म्हणे, बायायले विचाराचं हाये का म्हणून. तं हे पोरगीच म्हणे, गरज नाई. तवापासून बाया बोलत नाईत तिच्यासंग. तिच्या मायसंग बोलतेत, तिच्यासंग नाई."

चहा मला जाईना. सर बिचारे. मी तिथं बसून, मनातल्या मनात, संचालकांचा आग्रह होता, वेळ कमी होता, बस दुपारी परत हवी होती, अशी वाक्यं जुळवायला लागलो होतो. जुळतही होती. इतकी वर्षं व्यवस्थापन शिकवल्यावर तेवढं जमतं.

तलावापाशी गेलो. पाळीवरच्या झाडाखाली सात-आठ बाया जेवायला बसल्या होत्या. पाट्या शेजारी, लुगड्यांचे काठ ओले. दर रविवारी त्या बाया दुसऱ्या तलावातून उपटून आणलेली पाणरोपं इथं चिखलात खोचत होत्या. मोडलेलं पुन्हा उभं करण्याचं काम त्यांनी कोणाच्याही रकान्यात न लिहिता सुरू केलं होतं. आणि पलीकडे, सांडव्याच्या दगडावर, हाक मारली तरच ऐकू जाईल इतक्या अंतरावर प्रणाली एकटीच डबा उघडून बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखल होता. म्हणजे कामाला त्यांच्यात होती, जेवायला नव्हती.

मला पाहून ती ताडकन उठली, डबा झाकला आणि धावत आली. बायांना म्हणाली, हे आमचे सर. तिच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, सरांनी एकदा यावं म्हणाली होती त्या दिवसाचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं आणि ती घाईनं म्हणाली, "सर, पत्राचं मी करते. तुमी कायले आले एवढ्या उन्हाचे?"

बायांत सगळ्यात वयस्कर फुलवंताबाई होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही, कॉलेजच्या माणसाकडे पाहावं तसं, सावधपणे. मी बूट काढले. का काढले ते माहीत नाही. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "या पोरीनं मला अडवलं होतं. बाया बाजारातून येऊ द्या, त्यांना विचारा, असं मला सांगितलं होतं. मी हिलाच चार पोरांसमोर गप्प केलं. तलाव मी बिघडवला. हिनं तुम्हाला खोटं सांगितलं, माझं नाव राहावं म्हणून."

प्रणालीची आई बायांत बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. प्रणाली मात्र माझ्यावर चिडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"काहून सांगतलं सर? तुमी शिकवणारे. तुमचं नाव खराब झालं तं बाकीचे पोरं तुमचं ऐकतीन काय? माह्यं काय, मी तं गावचीच हावो. आज ना उद्या बोलल्या असत्या."

मला तिच्याकडे पाहवेना. आठ महिने ती त्या दगडावर एकटी जेवली, कारण कोणीतरी माझं ऐकत राहावं असं तिला वाटत होतं. आणि मी शिकवत काय होतो, तर दुसऱ्याच्या स्लाइडी. मला रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, अनवाणी, पाळीवर उभा राहून रडतो आहे, हे दृश्य काही शोभणारं नव्हतं. पण खिशातलं पत्र बाहेर काढण्यापेक्षा ते बरं होतं.

फुलवंताबाईंनी शेजारची पाटी उचलून पलीकडे ठेवली आणि स्वतः जराशा सरकल्या.

"ये वं पोरी," त्या म्हणाल्या. "तिकडे कायले बसतं एकटी? जेवून घे."

प्रणाली जाऊन डबा घेऊन आली आणि त्या मोकळ्या जागेत बसली. कोणीतरी तिच्या भातावर भाजी वाढली. तिनं मान खाली घालून पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

या भागात वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही आधी बसा म्हणतात, मग नाव विचारतात. मला कोणी बसा म्हटलं नाही. बाया जेवत होत्या आणि मी बूट हातात घेऊन उन्हात उभा होतो.